मिसोरा हिबारीच्या मागावर: ओसुगीला जाताना कार्ड खिशातच ठेवा

जपानी गायिका मिसोरा हिबारीच्या आठवणीच्या जागा शोधायच्या, तर पहिला मुक्काम शिकोकू बेटावरचे ओसुगी. तिथल्या एका प्रचंड झाडाशी तिची गोष्ट जोडलेली आहे. ओकायामा स्टेशनच्या गेटवर सुइका किंवा इकोका हे पैसे भरून ठेवायचे प्रवास-कार्ड टेकवून तिकडे निघालात तर पुढचा सगळा ताप ओढवून घेतलात म्हणून समजा. शिकोकूतल्या जेआर रेल्वेवर ही कार्डे चालतात ती कागावा प्रांतातल्या काही स्टेशनांपुरतीच. कोचीकडे जाणाऱ्या दोसान मार्गावरच्या ओसुगीला ती बाद आहेत. तिथे उतरल्यावर ओकायामापासूनचे सगळे भाडे रोख भरावे लागते. शिवाय कार्डावर ओकायामाची नोंद उघडीच राहते. कार्ड चालणाऱ्या स्टेशनच्या खिडकीवर जाऊन ती मिटवून घेईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही गेटवर कार्ड चालत नाही.

त्यामुळे तिकीट कागदीच घ्या आणि ते थेट ओसुगीपर्यंतचे मागा. मूळ भाड्याचे तिकीट सलग एकच निघते. शिंकान्सेन आणि ओकायामाहून कोचीकडे जाणारी नान्पू एक्स्प्रेस यांचे जादा आकार त्यावर वेगळे लागतात. शिंकान्सेनवरून बदलल्यास एक्स्प्रेसचा आकार निम्मा होतो, असे जुन्या माहितीपुस्तकांत छापलेले आहे. ते विसरा, मार्च २०२४ पासून ही सवलत देशात कुठेच उरलेली नाही. ऑल शिकोकू पास असला तरी तो कोजिमापासून पुढे लागू होतो. ओकायामा ते कोजिमा या तुकड्याचे पैसे वेगळे पडतात, आणि ते डब्यात तपासनीस समोर आल्यावर कळले की चडफडाट होतो.

नान्पूने साधारण दोन तास लागतात. आपली गाडी ओसुगीला थांबते का, हे आधी पाहा. साध्या गाड्या फार थोड्या आहेत. एक चुकली तर पुढची कित्येक तासांनी, म्हणून परतीची वेळ ठरवल्याशिवाय स्टेशन सोडू नका. स्टेशनपासून झाडापर्यंत चालत वीसेक मिनिटे लागतात. आणखी एक. ‘कोची’ एवढेच टाकून शोधले तर केरळ पुढे येते. शोधताना ‘ओतोयो’ हे गावाचे नाव जोडा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर २८ एप्रिल १९४७ साठी. नऊ वर्षांची काझुए कातो गाण्याच्या दौऱ्यावर होती. ओतोयोच्या डोंगराळ रस्त्यावर तिची बस ट्रकला धडकून कडेवरून घसरली आणि चेरीच्या एका झाडाला अडकली. मुलगी जबर जखमी झाली, पण वाचली. तिथल्या यासाका देवळाच्या आवारातल्या प्रचंड सुगी (जपानी सीडार) वृक्षापुढे उभी राहून तिने ‘जपानची पहिल्या क्रमांकाची गायिका कर’ असे मागितले, असे सांगतात. बुंध्याशी जोडलेली ही दोन झाडे आहेत. त्यांतले उंच झाड साधारण ६० मीटरचे आहे. गावकरी वय ३००० वर्षे सांगतात. तिथे उभे राहिल्यावर त्या मागण्याचा आकार समजतो. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, ती मुलगी मिसोरा हिबारी या नावाने देशभर पोचली होती. आमचे मत स्पष्ट आहे: तिची गाणी कानात बसलेली असतील तर हा दिवस खर्च कराच. नसतील तर ओसुगी गाळा. नुसत्या झाडासाठी एवढे भाडे परवडत नाही.

क्योतोच्या आराशियामातले हिबारी संग्रहालय जुन्या नकाशांवर अजून दिसते. ते २०१३ मध्येच बंद झाले. तोक्योत मेगुरोच्या आओबादाई भागातले तिचे राहते घर २०१४ पासून स्मारक म्हणून खुले झाले. तिथे जाण्याआधी उघडण्याचे दिवस पाहा, कारण ते गल्लीतले घर आहे आणि बंद दारापुढे थांबायला जागाही नाही.

शिओयाझाकीला मात्र हात आखडू नका. १९८७ च्या एप्रिलमध्ये ती आजाराने फुकुओकात इस्पितळात पडली होती. त्यानंतर वर्षाअखेरीस निघालेल्या ‘मिदारेगामी’ या गाण्यात फुकुशिमा प्रांतातल्या याच भूशिराचा उल्लेख आहे. मुरकीला जवळची वाटणारी कोबुशी, म्हणजे जपानी गायनातली सुरांची वळणे, तिच्या गळ्यात किती सहज होती, हे त्या वयातही, त्या आजारानंतरही ऐकू येते. त्या गाण्याचा शिलालेख भूशिरावरच्या दीपगृहाशी नाही, खाली पायथ्याशी आहे. वर चढून शोधत बसू नका. आधी खाली गाणे ऐका, मग पायऱ्या चढा. १८९९ पासूनचे हे दीपगृह २०११ च्या भूकंपात बिघडले होते, २०१४ मध्ये पुन्हा खुले झाले. खालच्या वस्त्या त्सुनामीने पुसल्या, म्हणून तिथे गोंगाट करू नये.

तोक्योहून इवाकीपर्यंत हिताची एक्स्प्रेस आहे. तिच्या सगळ्या जागा आरक्षित असतात. आकार गाडीत बसून भरलात तर जास्त पडतो, तिकीट आधीच काढा. इवाकीहून बसने अर्धा तास आणि पुढे पंधरा-वीस मिनिटे चाल. बसमध्ये चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्या, नाहीतर पहिल्या थांब्यापासूनचे भाडे बसते. सुट्टी नाणी हवीत; ५००० आणि १०००० येनची नोट बसमधले यंत्र मोडून देत नाही.

योकोहामात, जिथे ती १९३७ मध्ये मासेविक्रेत्याच्या घरी जन्मली, नोगे भागात तिचा टोप आणि लांब कोटातला पुतळा आहे. दहा मिनिटे पुरतात. आसाकुसातले कोकुसाई थिएटर, जिथे १९५७ मध्ये एका चाहतीने तिच्यावर आम्ल फेकले, ते आता नाही. तिथे हॉटेल आहे.

कावासाकीला उतरून दाइशी मार्गाने एकच स्टेशन पुढे, मिनातोचोला जा. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना इथे होता. तिच्या १९५७ च्या गाण्यात जो ‘१३ नंबर’ येतो, तो पत्ता धुंडाळू नका. कारखान्याचा क्रमांक ९ होता, १३ गाण्यात नीट बसला म्हणून घेतला. फलाटावर थांबा. गाडी येताना तीच चाल वाजते, पण चाकांच्या आवाजात लगेच बुडते. म्हणून फलाटाच्या टोकाला न राहता भोंग्याखाली उभे राहा आणि दोन गाड्या जाऊ द्या.