‘नाही’वर खूण करायला काय जात होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे सगळ्यांनीच. हळदीकुंकवाला विचारलंत, सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय अर्धवट टाकून विचारलंत, पर्वतीच्या पायऱ्यांवर स्वतः धापा टाकत विचारलंत. ‘गिलीला जाऊन आलीस आणि डायव्हिंग केलंच नाहीस? एवढे पैसे घालून गेलात कशाला मग?’ त्याला आमच्या वन्संचं शेपूट: ‘नाचतानाचे फोटो पाहिले हो आम्ही. तेव्हा बरा नव्हता दमा!’

माझा दमा तुम्हाला माहीत आहे, त्याची कहाणी पुन्हा लावत नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की आमच्या खिडक्या बंद. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुललं की शिंका सुरू. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही 1955च्या सुमारास आपल्या पुण्यातच. ‘पुणे तिथे काय उणे’ म्हणताना ते कुणी मोजत नाही, एवढंच.

आणि गंमत बघा, गिलीला मला पंपाची आठवणसुद्धा येत नव्हती. गिली म्हणजे इंडोनेशियात लोंबोक बेटाच्या किनाऱ्याजवळची तीन छोटी बेटं: त्रावांगान, मेनो आणि आयर. बार आणि नाचगाणी त्रावांगानवर, मेनो अगदी शांत, आयर दोन्हींच्या मधलं. तिन्हींवर मोटारगाड्यांना बंदी. चाला, सायकल घ्या, नाहीतर ‘चिदोमो’ म्हणतात त्या घोडागाडीत बसा. धूर नाही. इतका मोकळा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता, आणि तिथेच मला श्वासाबद्दल फॉर्म भरायला लावला.

डायव्हिंगच्या दुकानात फरशी ओली होती. भिंतीवर रबरी सूट टांगलेले, त्यांना कपाटात तसाच ठेवलेल्या ओल्या रेनकोटासारखा वास येत होता. पोरगेलीशी एक प्रशिक्षक मुलगी. तिने आम्हा सहाही जणांना एकेक फॉर्म दिला. बाकीच्यांनी न वाचताच ‘नाही, नाही, नाही’ करत खाली सह्या ठोकल्या. त्यातल्या एकाने सकाळी नाश्त्याला बीपीची गोळी घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी आपली वाचत बसले. गेल्या 12 महिन्यांत दमा, घरघर, तीव्र अ‍ॅलर्जी, ज्यामुळे हालचालींवर किंवा व्यायामावर मर्यादा आली, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

वकिली करायला जागा होती. नवरा शेजारून कुजबुजला, ‘अगं, रोज पर्वती चढतेस तू. मर्यादा कसली?’ चढते, खरंच चढते. पण मागच्या दिवाळीत रात्री उशांना टेकून बसून काढल्या होत्या, नेब्युलायझर लावून. बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागली होती. ती मर्यादा नाही तर काय? त्याने पुढचं वाक्य टाकलं, तुम्ही सगळे टाकता तेच: ‘कोण तपासायला बसलंय?’ कुणीच नव्हतं. त्या मुलीची पाठसुद्धा आमच्याकडे होती, ती पायात घालायच्या फिन्सचे नंबर बघत होती.

मी ‘हो’वर खूण केली.

तिने फॉर्म पाहिला, सॉरी म्हणाली. डॉक्टरांची सही लागेल. पण इथे बेटावरच दवाखाना आहे, छाती तपासून घ्या, त्यांना ठीक वाटलं तर आज सही मिळेल, उद्या सकाळच्या बोटीत या. इतकं सोपं करून सांगितलं तिने. आणि मी म्हटलं, ‘राहू दे.’

हळदीकुंकवाला सांगताना हा भाग मी गाळते.

आता माझी बाजूही ऐका. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास सोडत सावकाश वर आलं की ती निघून जाते. पण दम्याने श्वासनळ्या आवळल्या तर ती आतच अडकते. फुप्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. शिवाय पाठीवरच्या टाकीतली हवा गार आणि कोरडी, तोंडात खारं पाणी. दमा चाळवायला याहून जास्त काही लागत नाही. तेव्हा वन्सं, नाचाचं उदाहरण देऊ नका. नाचताना दम लागला तर मी खुर्ची ओढून बसते आणि पर्समधून पंप काढते. बारा मीटरवर पर्स नसते. आणि बारमध्ये सिगरेटचा इतका धूर होता की मी बाहेर वाळूत नाचत होते. फोटो नीट बघा, मागे समुद्र दिसेल.

झालं? पटलं? मलाही पटतं. फक्त अडचण अशी की यातलं बहुतेक मी पुण्याला परत आल्यावर वाचलं. त्या दुकानात मला दाब, नळ्या, बुडबुडे काही सुचत नव्हतं. पोटात गोळा आला होता, बस. शाळेत पीटीच्या तासाला ‘बाई, मला दमा आहे’ म्हणून मी झाडाखाली बसायचे, अगदी ठणठणीत असतानाही. त्या दिवशी ‘हो’वर खूण करणारी ती झाडाखालचीच मुलगी होती का, हे मला सांगता येत नाही. कधी वाटतं, नुसती भीतीच असती तर ‘नाही’ लिहून दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगितलं असतं. मग वाटतं, छे, कागदावरचा दमा दाखवणं त्याहून सोयीचं होतं. पण दिवाळीतल्या रात्री काही मी रचलेल्या नव्हत्या, एवढं तरी मान्य कराल?

त्याच वाचनात हेही सापडलं की दमा आटोक्यात असेल आणि श्वासाच्या चाचण्या चांगल्या आल्या तर हल्ली काही डॉक्टर डायव्हिंगला परवानगी देतात. हे मी वन्संना कळू दिलेलं नाही.

आणि मी काहीच पाहिलं नाही असंही नाही. मेनोजवळ समुद्राच्या तळाशी माणसांचे 48 पुतळे गोलाकार मांडलेत, जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराचे, 2017 सालचे. तोंडात नळी धरून वर तरंगत राहिलं तरी ते दिसतात. नवऱ्याचा गट खालून गेला तेव्हा त्यांचे बुडबुडे माझ्या पोटावर येऊन फुटले. गुदगुल्या झाल्या. हेवा वाटला का? वाटला. चांगलाच.

आता जानेवारीत अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपला, जायचं घाटतंय. तीच मंडळी. नवऱ्याने छातीच्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवलाय. मी अजून फोन केलेला नाही. करणार नाही असंही म्हटलेलं नाही. तो बीपीची गोळी घेणारा यंदाही येतोय, त्याने तर नवीन मास्कही मागवलाय. त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.