हास्केलच्या असाइनमेंटचा स्टार्टर कोड : माझा अनुभव

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो, या सेमला असाइनमेंटचा स्टार्टर कोड, म्हणजे पोरांना सुरुवातीला द्यायचा अर्धवट कोड, सगळा नव्यानं बांधला त्याबद्दल लिहितोय. आधी पोरांना एक पीडीएफ आणि रिकामी फाइल मिळायची. मग कुणी फंक्शनचं नाव बदलायचं, कुणी टाइप (फंक्शन कसला डेटा घेतं आणि देतं ते), आणि तपासताना माझ्या टेस्ट, म्हणजे उत्तरं तपासणारा कोड, कंपाइलच व्हायच्या नाहीत (कोडचा चालणारा प्रोग्रॅमच बनायचा नाही), म्हणजे बाकी सगळं बरोबर असलं तरी मार्क शून्य. मन लावून करणाऱ्या पोरांचं असं नुकसान बघवत नाही.

पहिलं ठरवलं की फाइल हातात पडल्या पडल्या कंपाइल झाली पाहिजे. प्रत्येक फंक्शनची टाइप सिग्नेचर, म्हणजे टाइप सांगणारी ओळ, मीच लिहून दिली आणि खाली नुसतं अनडिफाइन्ड, म्हणजे 'इथं अजून काही लिहिलेलं नाही' असं सांगणारा शब्द. ते कुठल्याही टाइपला चालतं, त्यामुळं कंपायलर अडवत नाही आणि पोरं एकेक फंक्शन भरत जातात. जीएचसी हा हास्केलचा कंपायलर, त्याच्या 2016 च्या 8.0 पासून तर प्रोग्रॅम चालताना अनडिफाइन्डला धडकला की लाइन नंबरपण दिसतो. जो अडकतो त्याला सांगतो, ते काढ आणि तिथं अंडरस्कोअर टाक, मग इथं कुठला टाइप पाहिजे ते कंपायलरच सांगतो बघ.

फाइली तीन. टाइप्सची वेगळी, तिला हात लावायचा नाही, एक पोरांची, एक टेस्टची. उदाहरण गुळाचं घेतलं, रव्यांची म्हणजे ढेपांची वजनं आणि दर, त्यावर मॅप, फिल्टर, फोल्ड ही यादीवर चालणारी फंक्शनं. कितीतरी पोरांच्या घरचा ऊस आहे, प्रश्न समजावण्यात वेळ जात नाही.

सगळ्यात डोकं खाल्लं ते टेस्टच्या फाइलनं. एक अनडिफाइन्ड लागलं की अख्खा प्रोग्रॅम आडवा, पुढच्या टेस्ट चालतच नाहीत. ट्राय, म्हणजे चालताना येणारी चूक (एक्सेप्शन) पकडणारं फंक्शन, लावून पकडायला जावं तर हास्केल पडली लेझी, गरज लागेपर्यंत उत्तर काढतच नाही, त्यामुळं उत्तर खरं काढलं जातं ते ट्रायच्या बाहेर गेल्यावर आणि एक्सेप्शन तिथं फुटतं. म्हणून आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांची तुलनाच इव्हॅल्युएटला, म्हणजे उत्तर तिथल्या तिथं काढायला लावणाऱ्या फंक्शनला, दिली आणि ते ट्रायच्या आत ठेवलं. आता राहिलेल्या फंक्शनसमोर 'अजून लिहिलं नाही' एवढंच येतं, बाकीच्या टेस्ट पुढं चालू. क्विकचेक ही आपोआप टेस्ट बनवणारी लायब्ररी, ते मला लई आवडतं, पण ते जीएचसीबरोबर येत नाही, वेगळं उतरवावं लागतं, आणि लॅबच्या नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं जीएचसीबरोबरच येणाऱ्या बेस लायब्ररीतच बसवलं.

परवा प्रॅक्टिकल संपताना एकजण म्हणाला, "सर, दोन बसली, तिसरं तेवढं राहिलंय, घरी जाऊन बघतो." पूर्वी हेच पोरगं 'चालंना सर' म्हणून स्क्रीन दाखवायचं.

आता ज्यांचं रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) थांबत नाही त्यांच्यासाठी टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळानं तोडणारं फंक्शन, लावायचाय. तो बेसमध्येच मिळतो, पण लूप नवी मेमरी घेतच नसेल तर तुटत नाही, त्याचं बघायचं राहिलंय.