कोकणकड्यावर एक्स-टी५ : बॉडीला पाऊस चालतो, लेन्सला नाही

"सर, फुल वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त न्या." दुकानाचं नाव सांगत नाही, पण भाड्याने कॅमेरा देणारे बरेच जण हे वाक्य तोंडावर फेकतात आणि आपण मुकाट्याने डिपॉझिट भरतो. मीही भरलं. फुजीफिल्मचा एक्स-टी५ विकत घ्यावा की नाही, हे वापरून ठरवायचं होतं. म्हणून तीन दिवसांसाठी बॉडी आणि १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स उचलली आणि ऑगस्टमधल्या एका शनिवारी धाकट्या मेहुण्याला घेऊन हरिश्चंद्रगड गाठला.

गडाची माहिती सगळ्यांना आहे, ती उगाळत नाही. खुबी फाटा, धरणाची भिंत, खिरेश्वर इथपर्यंतचा रस्ता निवांत. खिरेश्वरात चहावाल्या मामांनी "तीन तासांत कोकणकडा" असं छातीठोक सांगितलं. आम्हाला साडेसहा तास लागले. मामा खोटं बोलले असं नाही, ते त्यांच्या पायांचा हिशोब सांगत होते. तुम्ही तो दुप्पट करा.

खरा घोळ तोलार खिंडीच्या वर. वाघाचं शिल्प ओलांडलं की पुढे कातळटप्पा लागतो. रेलिंग आहे, पण पावसात त्या पायऱ्यांवरून पाणी पोटऱ्यांपर्यंत उड्या मारत येतं. त्यात शनिवार, म्हणजे वरती रांग, खाली रांग, मधे कुणीतरी सेल्फी काढतंय आणि त्याच्यामागे चाळीस माणसं कातळाला चिकटून उभी. आम्ही तिथे तासभर उभे होतो. कॅमेरा माझ्या गळ्यात. का, तर "वॉटरप्रूफ आहे ना, एखादी फ्रेम मिळेल." फ्रेम मिळाली नाही. दोन्ही हात रेलिंगला, आणि वर पाय टाकायला वाकलो की लेन्ससकट साडेआठशे ग्रॅमचा कॅमेरा लंबकासारखा झुलून कातळावर आपटायचा. तीनदा आपटला. तिसऱ्या वेळी आवाज असा आला की मागचा पोरगा म्हणाला, "काका, गेला बघा."

गेला नव्हता. बुडाच्या पत्र्यावर दीड इंचाचा ओरखडा, बाकी सगळं जागच्या जागी. तरी स्पष्ट सांगतो, त्या टप्प्यावर कॅमेरा सॅकमध्येच हवा. गळ्यात नको, खांद्यावर नको, सॅकच्या पट्ट्याला लावायच्या क्लिपवरही नको. तिथे फोटो नाहीत, तिथे फक्त हातपाय आहेत.

आता पावसाचं. एक्स-टी५ च्या बॉडीला ५६ ठिकाणी पाणी-धूळ अडवणारं सीलिंग आहे असं कंपनी सांगते, आणि दिवसभर भिजूनही बॉडीने तक्रार केली नाही. पण १८-५५ ला सीलिंग नाही. कंपनीने तसा दावा कधी केलेलाही नाही. फुजीच्या लेन्सच्या नावात डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट) ही अक्षरं असतील तरच ती पावसाळी हवेला तोंड देणारी, आणि तीही वॉटरप्रूफ नव्हेच. १६-८० च्या नावात ती आहेत, १८-५५ च्या नावात नाहीत. नाव लेन्सवरच छापलेलं असतं. दुकानात उभं राहून ते वाचायला मला दहा सेकंद लागली असती.

पाणी आत कसं शिरतं ते मेहुण्याने दाखवलं तेव्हा कळलं. १८ वरून ५५ वर झूम केलं की लेन्सची आतली नळी बाहेर येते. त्या नळीवर बारीक थेंब बसतात. मग आपण झूम मागे घेतो आणि थेंबांसकट नळी आत. सायकलच्या पंपासारखं. दिवसभरात मी हे किती वेळा केलं असेल देव जाणे. संध्याकाळी झोपडीत चुलीशेजारी कॅमेरा सुकत ठेवला, हा दुसरा गाढवपणा. धूर वेगळाच, शिवाय उबेने आतल्या पाण्याची वाफ झाली आणि रात्री गारठा पडल्यावर तीच वाफ काचेवर धरली. सकाळी पुढच्या काचेमागे, बरोबर मधोमध, रुपयाएवढा पांढरा डाग.

झिप लावायच्या दोन जाड पिशव्या आणि सिलिका जेलच्या मूठभर पुड्या घरून न्या. झोपडीत शिरायच्या आधी कॅमेरा पिशवीत घालून बंद करा आणि तासभर उघडू नका. चुलीजवळ फक्त मोजे सुकवा. तेही लांबून.

गडावर बॅटरी चार्ज करायचे एका बॅटरीला शंभर रुपये मागितले. एका बॅटरीत ५८० फोटो निघतात असं कंपनीचं म्हणणं. मी स्क्रीन सतत चालू ठेवतो, मला चारशेच्या आसपास मिळाले. दुसरी बॅटरी नेली असती तर शंभर वाचले असते. पॉवर बँकेवरही चार्ज होतो, पण पावसात त्या पोर्टचं झाकण उघडायचं नाही.

कॅमेऱ्याबद्दल चांगलं काय? चकत्या. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. इथे शटर, आयएसओ आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) वरच्या वर चकत्यांवर आहेत, कॅमेरा बंद असला तरी आकडे दिसतात. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि पांढरं धुकं राखाडी करतो, तेव्हा कॉम्पेन्सेशनची चकती अंगठ्याने अधिक एकवर ढकलायची, संपलं. फक्त सॅकमधून बाहेर काढल्यावर चकती कुठे आहे ते बघत जा. माझी वजा दोनवर सरकली होती आणि केदारेश्वराच्या गुहेतले पहिले तीस फोटो काळेकुट्ट. त्यात दोष माझाच.

गुहेत स्टॅबिलायझेशनचं मोल कळलं. कमरेएवढ्या पाण्यातली पिंड आणि शाबूत राहिलेला तो एकच खांब, कॅमेरा नुसता हातात धरून १/८ सेकंदाला काढला, खांबाची धार स्वच्छ आली. पाण्यात उतरलेली माणसं मात्र भुतासारखी पुसट. हात हलला तर कॅमेरा सांभाळतो, समोरचा हलला तर नाही. स्क्रीन तीन दिशांना कलते, त्यामुळे कड्यावर पालथं पडून उभा फोटो घेताना मान मोडत नाही.

आणि मग रविवारी सकाळी इंद्रवज्र. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून खाली कोकणात धुकं आणि पाठीमागे ऊन, हा योग सकाळीच. सव्वाआठला मागचा ढग फाटला आणि समोरच्या धुक्यात माझी सावली, तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं. मेहुण्याला त्याच्या डोक्याभोवती दिसत होतं, मला माझ्या. आम्ही दोघं वेड्यासारखे हात हलवत होतो. मग आठवलं, कॅमेरा.

कडं फ्रेमच्या मध्यावर आणि लेन्सचा डागही मध्यावर. मग कडं मुद्दाम खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं, १८ वर, रॉमध्ये (म्हणजे कच्च्या फाइलमध्ये), फोकस हाताने, कारण धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो. जेमतेम चार मिनिटं. घरी येऊन निम्मी फ्रेम कापून टाकली. ४० मेगापिक्सेलातले वीस उरले आणि त्यात सातही रंग नीट सुटे दिसतात. ४० मेगापिक्सेल कशाला हवेत, असं मीच चार जणांना ऐकवलं होतं. शब्द मागे घेतो.

उतरलो पाचनईला. सोपी वाट आहे, लिहिण्यासारखं काही नाही. कॅमेऱ्यासाठीच जाणार असाल तर चढायलाही तीच घ्या, मर्दुमकी खिरेश्वरसाठी पुन्हा कधीतरी.

परत देताना दुकानदाराने लेन्स उजेडात धरली, चुकचुकला आणि डिपॉझिटमधून साडेतीन हजार कापले. ओरखडा आणि "मॉइश्चर". मी म्हटलं, तुम्हीच वॉटरप्रूफ म्हणालात. तर म्हणे, "सर, ते बॉडीबद्दल होतं." भाड्याने घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून व्हिडिओ काढा, तळाचा पत्राही घ्या, आणि दुकानदाराचं ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

बॉडी घेणार आहे. लेन्स १६-८०. १३० ग्रॅम जास्त आहे, मेहुणा उचलेल.