ऑल्डगेट : पाडलेल्या वेशीने वसवलेला भाग

लंडनच्या जुन्या तटबंदीतील ऑल्डगेट हा पूर्वेकडचा दरवाजा रहदारीला अडथळा होतो म्हणून १७६१ मध्ये पाडण्यात आला. आज त्या ठिकाणी बसगाड्या, कार्यालयांचे मनोरे आणि जवळच एक भुयारी रेल्वे स्थानक आहे. तरीही, माझ्या मते, हा सारा परिसर त्या नाहीशा झालेल्या दरवाज्यानेच घडवला आहे.

रोमन काळापासून कोलचेस्टरकडे जाणारा रस्ता येथून शहराबाहेर पडत असे. १३७४ पासून कवी चॉसर याच दरवाज्यावरच्या खोल्यांत राहत होता आणि १३८१ च्या उठावात एसेक्सचे शेतकरी याच वाटेने शहरात शिरले. बाहेरच्या अंगाला प्रवाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या सेंट बोटॉल्फचे चर्च आहे. त्याची सध्याची इमारत अठराव्या शतकातील असली, तरी वेशीपाशी या संताचे चर्च असावे ही प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे.

रात्री दरवाजे बंद होत असल्यामुळे उशिरा पोहोचलेल्याला बाहेरच मुक्काम करावा लागे, आणि अशा मुक्कामांच्या आधाराने वेशीबाहेर सराया, तबेले आणि खाटकांच्या ओळी उभ्या राहिल्या. पुढे वेशीबाहेरच्या व्हाइटचॅपलच्या हमरस्त्यावर गवताचा बाजार भरू लागला आणि तो थेट १९२८ पर्यंत टिकला. त्या रस्त्याच्या रुंदीत गाड्या उभ्या करण्याची ती जुनी गरज आजही दिसते. सिटीत, म्हणजे स्वतःची पालिका असलेल्या जुन्या लंडन शहरात, शिरताच रस्ते आकसतात.

मात्र भिंतीपेक्षा हद्दीचा परिणाम अधिक खोल होता. दरवाज्याच्या जरा पुढे सिटीचा अधिकार संपे आणि व्यापारी संघांचे नियम तेथे सैल पडत. ज्यू समाजाला सतराव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडमध्ये पुन्हा राहता आले, बेविस मार्क्सचे प्रार्थनागृह १७०१ मध्ये दरवाज्याच्या आतल्या बाजूस उभेही राहिले. परंतु सिटीत किरकोळ दुकान थाटण्याचा अधिकार त्यांना १८३० पर्यंत मिळाला नाही. साहजिकच जुन्या कपड्यांचा त्यांचा व्यापार हद्दीवरच्या पेटीकोट लेनच्या बाजारात बहरला. पुढे पूर्व युरोपातले निर्वासित आणि नंतर बांगलादेशी कुटुंबे आली, तीही हद्दीच्या याच पूर्वेकडच्या बाजूला.

आपल्याकडच्या स्त्रियांचाही या भागाशी संबंध आहे. इंग्रज कुटुंबांसोबत भारतातून गेलेल्या आणि परतीच्या तिकिटाविना तिथेच सोडून दिलेल्या, मुले सांभाळणाऱ्या आयांसाठीचे आश्रयगृह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑल्डगेटच्या ज्युरी स्ट्रीटवर होते. १९०० मध्ये ते हॅकनीला हलले. त्यांची ही हकिगत इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या काही दशकांत सिटीची कार्यालये दरवाज्याची रेषा ओलांडून पूर्वेकडे सरकली आहेत. पेटीकोट लेनचे अधिकृत नाव मिडलसेक्स स्ट्रीट असून, आजही तिच्या एका बाजूला सिटीची पालिका, तर दुसऱ्या बाजूला टॉवर हॅम्लेट्सची पालिका कारभार पाहते.