गाणं संपेचना

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. गल्लीच्या तोंडाला गणपतीचा मंडप पडलाय, तिथं पोरांनी डॉल्बी आणून ठेवलाय आणि त्याचं चेकिंग चालू होतं. सीझनमध्ये आम्हा बेळगावकरांना याचा त्रास होत नाही, झाला तरी सांगायची पद्धत नाही. हे एक गाणं संपलं की झोपायचं, असं ठरवून डोळे मिटले. गाणं संपेचना. कान देऊन ऐकलं तर पहिलं केव्हाच गेलेलं, त्याच्या पोटातून दुसरं निघालेलं, आणि दुसऱ्याच्या ठेक्यावर तिसऱ्याचे शब्द येऊन बसलेले. झोप गेलीच, म्हणून चप्पल अडकवून मंडपात गेलो.

लॅपटॉपपुढं आमचाच भाचा. मला बघून त्यानं आवाज कमी केला आणि लगेच विषय काढला, "मामा, डेक घेऊ का लॅपटॉपवरच चालवू? सांगा की." मला त्यातलं कळतं म्हणून तो विचारत नाही. पैसे कुणाकडं मागायचे हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

डेक म्हणजे डीजेनं हातानं चालवायचं गाण्याचं मशीन, त्याची हौस मला कळते. टेक्निक्स कंपनीची एसएल-१२०० ही रेकॉर्ड फिरवायची डेक १९७२ सालची, १९७९ मध्ये तिची एमके-२ ही दुसरी आवृत्ती आली आणि दुनियेतल्या डीजेंनी तीच उराशी धरली. थाळीच्या थेट खाली मोटर, मध्ये पट्टा नाही. रेकॉर्ड बोटानं थोपवून धरली तरी खाली थाळी फिरत राहते, बोट काढलं की रेकॉर्ड लगेच वेगात. शेजारी वेग आठ टक्के वर-खाली करायची पट्टी, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२९ पर्यंत ओढता येतं. एका कानावर हेडफोन, दुसरा कान गर्दीकडं, आणि दोन गाण्यांचे ठोके नुसत्या ऐकण्यावर जुळवायचे. लॅपटॉपवर 'सिंक' दाबलं की तेवढंच काम होतं. २०१० मध्ये कंपनीनं हे मशीन बंद केलं आणि २०१६ मध्ये मुकाट्यानं परत आणलं.

पण हे सगळं पक्क्या जमिनीवर. आमच्याकडं डीजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा असतो. खड्डा आला की सुई उडणार, आणि खड्डा नसला तरी मागच्या बेसच्या दणक्यानंच उडणार. हे मी बोलून दाखवलं तर भाचा म्हणाला, सुईचे डेक कोण घेतंय, आता पेनड्राइव्हवर चालणारे असतात.

"मग लॅपटॉपनं काय घोडं मारलंय?"

"डेकला हात लागतो की, मामा."

यावर मला बोलता येईना. शिवाय लॅपटॉपची फजिती त्यानं तिथंच दाखवली. गाण्यावर लॅपटॉप समान अंतराच्या उभ्या रेघा मारतो आणि त्या रेघांवरून ठोके जुळवतो. जुनं भजन लावलं तर पहिले दोन अंतरे रेघा बरोबर पडल्या. पुढं पखवाजवाला रंगात आला, लय चढली, आणि रेघा एकीकडं, टाळ दुसरीकडं. माणसानं वाजवलेलं असं चढतंच. तिथं कान आणि बोट लागतं. तेव्हा माझं मत डेकला, पैसे जमले तर.

मत दिलं खरं, पण डेकवाले जुन्याचे राखणदार असल्याचा आव आणतात तो मला पटत नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका मुलीनं शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायला पार्टी ठेवली होती. तिचा भाऊ कूल हर्क गाणी लावत होता. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन डेकवर लावून नाचाचा तुकडा लांबवायचा, ही त्याची युक्ती. म्हणजे गाणं संपू द्यायचं नाही, हे दुखणं लॅपटॉपच्या कितीतरी आधीचं.

मला आवडतो तो एकाच प्लेयरवाला. खानापूरकडच्या आमच्या आजोळी लग्न ठरलं की हॉलच्या आधी लाऊडस्पीकरवाला ठरायचा. हॉल नव्हताच म्हणा. नारळावर कर्णा बांधलेला, खाली बाकावर प्लेयर, आणि पत्र्याच्या पेटीत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. आम्ही पोरं त्या बाकाला चिकटून. तो रेकॉर्ड कडेनं दोन तळव्यांत धरायचा, मखमलीच्या तुकड्यानं पुसायचा, फुंकर मारायचा. झिजलेली असली तर सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचा, उडू नये म्हणून. ते नाणं कधी आपल्या हाताला लागेल याच्यावर आमचा डोळा. गाणं संपलं की कर्ण्यातून नुसती खरखर. मग तीही बंद. तो पेटीत शोधत बसायचा आणि तेवढ्यात सगळं लग्न ऐकू यायचं. आचाऱ्याचा ओरडा, म्हशीचं हंबरणं, वरमाईचा रुसवा. आणि आमच्यातली चार पोरं नुकतंच संपलेलं गाणं चुकीच्या शब्दांत म्हणायची.

बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचे. त्या काळी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. ती संपल्यावर घरात जी शांतता व्हायची तिचा त्या गाण्यात काही वाटा असणार, असं मला उगीच वाटतं. पुरावा मागू नका.

लाऊडस्पीकरवाल्याचं खरं काम त्या मोकळ्या वेळातच असायचं. माईकवर दोन टिचक्या, मग "पंगत बसलेली आहे, जेवायला चला, ऊटक्क बर्री." कुणाची तरी चावी सापडलीय. नंदगडची गाडी सुटतेय. आणि एकदा, लाल झबल्यातलं पोर विहिरीकडं दिसलंय, कुणाचं असेल त्यानं धावा. अर्धं लग्न धावलं. पोर मिळालं.

आता विसर्जनाची मिरवणूक रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात शिरते, आणि तेवढ्या वेळात दोन गाण्यांच्या मध्ये कुठं नख घालायला जागा नसते. ट्रॉलीतल्या पोराच्या कानावर हेडफोन. खाली गर्दीत कुणी कोसळलं आणि शेजारच्यानं दोन्ही हात वर करून हलवले, तर वरच्याला वाटतं नाचतोय.