पंचवीस तासांचे दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, क्रूझ जहाजाने अटलांटिक ओलांडल्याचं. वास्कोच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दामोदर सप्ताहाच्या गर्दीतसुद्धा कुणी ना कुणी मला गाठून हेच विचारतं: "किनारा नाही, कुठे उतरायचं नाही, चहूकडे नुसतं पाणी. सात-सात दिवस करता तरी काय? कंटाळा येत नाही?"

नाही येत. मला तर ते सात दिवसच हवे होते, बंदरं नव्हे.

युरोपातला उन्हाळा संपला की तिथली कितीतरी क्रूझ जहाजं कॅरिबियनकडे निघतात आणि वसंतात परत येतात. या फेरीत बंदरं थोडी आणि समुद्र भरपूर, म्हणून भाडंही एरवीपेक्षा कमी पडतं. मी आणि माझी धाकटी बहीण नोव्हेंबरात बार्सिलोनाला चढलो. वाटेत मदेरा बेटावरचं फुंशाल लागलं. ते सोडल्यावर थेट मायामी. मधे अटलांटिक.

व्हिसा मात्र दोन लागतात, युरोपसाठी शेंगेन आणि दुसरा अमेरिकेचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी फार आधीपासून मागे लागावं लागतं.

आता दिवसांचं सांगते. मदेरा आणि मायामी यांच्या घड्याळांत हिवाळ्यात पाच तासांचा फरक असतो. विमानाने गेलात तर तो फरक एकदम अंगावर येतो आणि चार दिवस डोकं जड राहतं. जहाजावर तो हप्त्याने फेडतात. संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं: आज रात्री घड्याळ एक तास मागे. सातांपैकी पाच दिवस असे पंचवीस तासांचे होतात. शाळेत तीस वर्षं घंटेवर जगलेल्या बाईला रोज एक तास फुकट मिळाला की काय वाटत असेल, विचार करा! म्हणून माझा आग्रह आहे, जायचं तर पश्चिमेकडे जा. वसंतातल्या उलट्या फेरीत तेवढेच तास काढून घेतात, आणि दिवस तेवीस तासांचे होतात.

पहिले दोन दिवस अंगातली घाई गेली नाही. कागदावर योगासनं, नाच, प्रश्नमंजूषा, व्याख्यान असं तासातासाला काहीतरी असायचं आणि मी घड्याळ बघत धावत होते. तिसऱ्या दिवशी कागद उघडलाच नाही. उठले, चहा घेतला, खालच्या डेकवर रेलिंगला टेकून उभी राहिले आणि जेवणाची वेळ झाली तरी तिथेच होते.

बघायला काय असतं? माझा बराच वेळ उडत्या माशांत गेला. जहाजाच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पाणी दुभंगतं ना, त्या घडीतून वीतभर लांबीचे निळे-रुपेरी मासे एकदम उसळायचे. पंख ताठ पसरून लाटेवरून तरंगत जायचे, उंची कमी झाली की शेपटीचं टोक पाण्यात फडफडवून पुन्हा वर. बोटं मोजून कितीतरी सेकंद, आणि मग टिंबासारखे गडप. पुढे सरगासो समुद्र लागला. या समुद्राला किनाराच नाही, चार प्रवाह त्याच्या चार सीमा. तिथे पिवळसर तपकिरी शेवाळाचे लांब पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओळीने लागलेले होते. त्याला हवेने भरलेल्या, करवंदाहून लहान गोळ्या असतात. त्यांच्यामुळेच ते तरंगतं.

दुपारी बारा वाजता कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाज कुठे आहे ते सांगायचा. वेग ताशी १८ सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे दिवसाला ८०० किलोमीटर. एक दिवस तो म्हणाला, खाली सुमारे पाच हजार मीटर पाणी आहे. बहीण लगेच म्हणाली, "ताई, तीन कळसूबाया एकावर एक." खरंच की, कळसूबाई १,६४६ मीटरची. त्यानंतर ती थोडा वेळ रेलिंगपासून लांबच बसली.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या बोटीत बसलो की आई वळकटीवर आडवी व्हायची ती पणजीलाच उठायची. या मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांनी डाव्या-उजव्या झोक्याला बराच आवर बसतो. पुढे-मागे होणारी डुलणी त्यांनी थांबत नाही. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या, स्वस्तही पडते. शिवाय त्या मार्गावर व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. आम्हाला फक्त एक रात्र जड गेली.

पण ते सात दिवस हवे होते त्याचं खरं कारण वेगळं आहे. माझे बाबा मालवाहू जहाजांवर भंडारी होते, खलाशांचा स्वयंपाक करायचे. सुट्टीवर आले की रात्री बंदराकडे न्यायचे. पलीकडे दोना पावलाचे दिवे आणि त्यांच्यावर, उत्तरेला, ध्रुव. हात ताठ करून मूठ क्षितिजावर धरायची, एक मूठ म्हणजे दहा अंश. आपल्याकडे ध्रुव दीड मूठ. "माझी मूठ लहान आहे, मग माझा ध्रुव खाली येईल का?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "हातही आखूड आहे ना? हिशेब बरोबर जमतो."

जहाजाच्या पुढच्या टोकाचा डेक रात्री अंधारात ठेवतात, नाहीतर सुकाणूवाल्यांना समोरचं दिसत नाही. तिथे मी रोज उजवीकडे वळून मूठ धरायचे. बार्सिलोना सोडलं त्या रात्री चार मुठी भरल्या होत्या. मदेरानंतर तीन आणि वर थोडं. जहाज दक्षिणेकडे सरकत होतं, म्हणून मग रोज किंचित खाली. बाबांनी आयुष्यभर हे असंच पाहिलं असणार, ध्रुव दीड मुठीवर आला की घर. पत्रात ते कधी लिहिलं नाही. पत्रात आम्ही जेवलो का, एवढंच असायचं.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला निघाला. नावाची पट्टी वाचून मी कोकणीत बोलले तेव्हा त्याच्या हातातली चादर तशीच राहिली. सात महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. तो म्हणाला, "मावशी, तुमचा समुद्रातला दिवस म्हणजे आमचा सगळ्यात मोठा दिवस. बंदरात निम्मी माणसं खाली उतरतात, इथे सगळी वरच." त्यानंतर आम्ही खोली लवकर मोकळी करून द्यायला लागलो आणि टॉवेल रोज बदलू नको म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्याच्या आईला सांगायचे चार शब्द त्याने माझ्याकडे दिले. परत आल्यावर पहिल्याच रविवारी वाळपईला जाऊन ते पोचवले. तिने मला दोनदा विचारलं, तो बारीक झालाय का.

शेवटच्या रात्री ढग होते, ध्रुव मिळाला नाही. अडीच मुठी असायला हवा होता. पहाटे डेकवर गेले तर क्षितिजावर दिव्यांची बारीक रांग. थोड्याच वेळात खिशातला मोबाईल थरथरायला लागला, सात दिवसांचे निरोप एकामागून एक. मी तो बंद केला आणि चहा संपेपर्यंत पाठमोरी, जहाजाने मागे सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसले.