दाढ आणि तारीख

"डॉक्टर, वाचवत बसू नका. काढूनच टाका."

कारागृहातल्या दंत शिबिरात आज एक पोरगा म्हणाला. असेल पंचविशीचा. दाढ किडलेली, पण रूट कॅनलने सहज टिकली असती. तसं सांगितलं तर हसला. "त्याला परत परत यावं लागतं ना? कोर्टाच्या तारखेला न्यायला पोलीस मिळत नाहीत, दाढेसाठी कोण देणार?"

काढली.

तो कच्चा कैदी. म्हणजे गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांत असे जवळपास ७६ टक्के होते.

दाढ निदान ठणकते तरी, म्हणून कुणी बघतं. हिरड्यांचं तसं नसतं. बहुतेकांच्या हिरड्या सुजलेल्या, पण तक्रार कुणाचीच नाही. दुखत नाही ना! त्यात विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आणखी लपतो. दात हलायला लागल्यावरच कळतं. शिवाय मधुमेह असेल तर हिरड्यांच्या आजाराने साखरही आटोक्यात राहत नाही.

रोजचा ब्रश आणि वेळोवेळी सफाई, एवढंच लागतं. शिबिराचे फोटो निघाले. पुढची सफाई कधी, हे कुणी लिहून ठेवतं का?